हडळ परत का गेली नाही

अबुधाबी
१५ फेब्रुवारी १९९७

श्री. राजाभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आणि सोबतच्या चार कॅसेट्स मुंबईला निघालेल्या एका शेजाऱ्याच्या बॅगेतून येत आहेत. तो मुंबईहून त्या तुम्हाला कोल्हापूरला कुरियर करील. कॅसेट्सवर ‘मुंज’ असं लिहिलं आहे, तिकडे लक्ष देऊ नका. ‘हडळ’ लिहिलं असतं तर त्याच्या बायकोने त्या बॅगेत ठेवू दिल्या नसत्या.

तर आम्ही सिनेमा काढतो आहोत. तुमच्यासारख्या जन्मभर सिनेमाची कापाकापी आणि जोडाजोडी करणाऱ्या माणसाला हे सांगताना मला थोडी लाज वाटते, पण सांगतो. आमचं मंडळ दरवर्षी गणपतीत नाटक करतं. गेल्या वर्षी नायिका बाळंतपणाला गेली, पडदा ओढणारा सुट्टीवर गेला आणि प्रयोगाच्या दिवशी हॉलचा एसी बंद पडला. त्यानंतर कुणात नाटकाची हिंमत उरली नाही. मीच म्हटलं, सिनेमा काढू. एकदा काढला की काढला, मग कुणी का बाळंत होईना.

नाव ‘हडळ व्हिजिट व्हिसावर’. आमचा विजयकुमार, म्हणजे माझ्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन, नायक आहे. कंपनी त्याला राहायला अर्धवट बांधलेला व्हिला देते. त्याची आई गावाहून लोणच्याची बरणी पाठवते आणि बरणीतून हडळ येते. चांगली धष्टपुष्ट, माजोरी हडळ. पण इथे तिला कुणी घाबरत नाही, कारण सगळे आपापल्या बॉसला जास्त घाबरतात. हळूहळू तिचा जोर ओसरतो, साठ दिवसांचा व्हिसा संपतो आणि बिचारी सुटकेस घेऊन परत जाते.

हडळ कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. तुमची बहीण. सुलभा काम असं करते आहे की मला लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर तिची भीती वाटायला लागली आहे. पहिल्या सीनमध्ये ती वाळूच्या ढिगावर बसून कोंबडीची तंगडी खाते. खाता खाता तिला हसू फुटलं ते थांबेचना. आमचा कॅमेरावाला खैरुद्दीन, एरवी लग्नाचे व्हिडिओ काढतो, तो ओरडतो आहे “मॅडम, कट, कट,” आणि ही हसतेच आहे. तेवढं कापा.

व्हिला आमच्याच कंपनीचं काम आहे, खलिफा सिटीत. शुक्रवारी साइट बंद असते, वॉचमन ओळखीचा आहे. वीस वर्षं मी सिमेंट आणि सळ्यांच्या ऑर्डरी टाइप करतो आहे. शुक्रवारी दुपारी घरी येतो तेव्हा अंग ठेचून निघालेलं असतं, पण शनिवारी ऑफिसला जाताना नेहमीचा कंटाळा नसतो.

एडिटिंग तुम्ही करावं ही विनंती. सुलभाचीही तीच इच्छा आहे. तिचं एकच म्हणणं आहे की सिनेमा पुरा व्हावा आणि तिने तो पुरा बघावा.

आपला,
भानुदास


कोल्हापूर
९ मार्च १९९७

भानुदासराव,

मुंज पोहोचली. बघितली. बटू कुठे दिसला नाही.

काम करतो, पण वेळ लागेल. लग्नसराई आहे, माझ्या टेबलावर सोळा लग्नं पडली आहेत. सगळ्या लग्नांत एकच मावशी रडते असं मला वाटायला लागलंय. पूर्वी माझ्या हाताखाली चार माणसं असायची आणि गळ्यात फिल्मचे तुकडे लटकायचे. आता एका खोलीत दोन व्हीसीआर, मध्ये एक डबा आणि मी. तक्रार नाही, चष्म्याचा नंबर तेवढा वाढतो आहे.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही पहिला सीन पहिला काढला, दुसरा दुसरा. नाटकवाली माणसं तुम्ही. जगात कुणीही सिनेमा असा ओळीने काढत नाही. एका जागेचे सगळे सीन एकदम काढून मोकळं व्हायचं असतं. त्यातून तुम्ही घर निवडलंत बांधकाम चालू असलेलं. सीन एकमध्ये नुसते खांब आणि वर स्लॅब. सीन चारमध्ये भिंती आल्या. सीन पाचमध्ये प्लास्टर. कथेत एकच दिवस गेला आहे. हडळीपेक्षा तुमचा गवंडी भुताटकीचा वाटतो.

सुलूला सांगा, झकास काम करते. गालात तंगडी धरून बोलते ते मला एकट्याला बसून हसवून गेलं. बऱ्याच दिवसांनी हसलो.

तुमचा,
राजाभाऊ


अबुधाबी
२० जून १९९७

प्रिय राजाभाऊ,

तुमचं पत्र मंडळात मोठ्याने वाचलं. सगळे ओशाळले, आणि पुढच्या शुक्रवारी पुढचाच सीन काढला. दुसरं जमतच नाही हो. पात्रांना नाटकासारखं ओळीने केलं तरच पाठ राहतं. सीन नऊ आधी आणि सहा नंतर म्हटलं की विजयकुमार घामाघूम होतो.

उन्हाळा सुरू झाला. पहाटे पाचला जायचं, खिडक्यांना काळी पोती लावून रात्र करायची आणि दहाच्या आत पळायचं. नाहीतर हडळीचा मेकअप वितळून पदरात जमा होतो. मागच्या शुक्रवारी खैरुद्दीनच्या कॅमेऱ्याने मान टाकली. “साब, मशीन को भी छुट्टी चाहिए,” म्हणाला. आम्ही सगळे पोत्यांवर बसून भाजलेले शेंगदाणे खाल्ले आणि घरी आलो.

दोन अडचणी कळवतो. कंपनीने व्हिलाला दारं बसवली आणि टाइल्स टाकल्या. मी काही करू शकत नाही, ऑर्डर मीच टाइप केली होती. दुसरं, विजयकुमारच्या बायकोला त्याची मिशी आवडेनाशी झाली म्हणून त्याने ती मध्येच उडवली. सीन अकरापासून तो बिनमिशीचा आहे.

सुलभा सध्या डाएटवर आहे. त्यामुळे थोडी सुकलेली दिसेल. काळजी नसावी. मधे दोन शुक्रवार ती येऊ शकली नाही, आमच्या स्वानंदीच्या परीक्षा होत्या.

आपला,
भानुदास


कोल्हापूर
४ ऑगस्ट १९९७

भानुदासराव,

दुसऱ्या खेपेच्या कॅसेट्स बघितल्या. दारं, टाइल्स, मिशी, सगळं माफ. बांगड्यांचं काय करू ते सांगा.

सुलूच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या आहेत. सीन दोनमध्ये त्या मनगटाला घट्ट बसल्यात, हात हलवला तरी हलत नाहीत. सीन बारात तिने हात वर केला तर त्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या. त्याच बांगड्या, मी टीव्हीला नाक लावून मोजल्या. पाच महिन्यांत कसलं डाएट करते ही? केसांचा भांगही बदलला आहे. टोप आहे का? चांगले कमरेएवढे केस असताना टोप कशाला?

स्टुडिओत होतो ती सोळा-सतरा वर्षं मी हेच बघितलं. नटी एका शॉटमध्ये जाड, दुसऱ्यात बारीक, प्रेक्षक हसतात. पण तेव्हा निर्मात्याला फोन करून शिव्या देता यायच्या. परवा तुम्हाला फोन केला तर तुम्ही तीन मिनिटं नुसतं हवामान सांगितलंत. सुलूला द्या म्हटलं तर ती झोपली आहे म्हणालात. तिथे तेव्हा दुपारचे चार वाजले असतील.

काही असेल तर सांगा. मला कोड्यात बोलणं जमत नाही.

राजाभाऊ


अबुधाबी
२४ ऑक्टोबर १९९७

प्रिय राजाभाऊ,

उत्तराला उशीर झाला, क्षमा करावी. ऑफिसात फार काम आहे.

सिनेमा संपला. शेवटचा सीन गेल्या शुक्रवारी काढला. हडळ एका हातात सुटकेस आणि दुसऱ्यात संपलेला व्हिसा घेऊन फाटकात उभी राहते आणि व्हिलाकडे बघते. फक्त दोन मिनिटांचं काम, पण वेळ लागला. मध्ये मध्ये खुर्चीवर बसावं लागत होतं. उकाडा अजून आहे. सुलभा म्हणाली आजच करायचं, पुढच्या शुक्रवारवर टाकायचं नाही. खैरुद्दीनने ‘कट’ म्हटलं आणि तो गाडीमागे जाऊन उभा राहिला. मला वाटलं सिगारेट ओढायला गेला.

आता पुन्हा काही काढता येणार नाही. व्हिला मालकाच्या ताब्यात गेला, शेवटच्या सीनलाच तिथे पडदे लागले होते. जे आहे त्यातच करा.

आणि राजाभाऊ, शक्य असेल तर लग्नं बाजूला ठेवून हे आधी घ्या. मी कधी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही.

केसांचं विचारलंत. हो, टोप आहे. फॅशन आहे.

भानुदास


कोल्हापूर
२० नोव्हेंबर १९९७

भानुदासराव,

तुम्ही सांगत नाही तर मी कामाचंच बोलतो.

सगळं ओळीने लावून बघितलं. पहिला अर्धा तास छान आहे, माणूस पोट धरून हसेल. त्यानंतर सिनेमा चालत नाही. हडळ दर सीनला वाळत जाते, घर दर सीनला सजत जातं आणि कुणाला हसू येत नाही. शेवटचा फाटकातला शॉट तर बघवत नाही. खोटं कशाला बोलू, मी मशीन बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो. विनोदी सिनेमात असा शॉट ठेवता येत नाही.

माझं मत असं. सीन दहानंतरची हडळ काढून टाकायची. विजयकुमारला म्हणायला लावू की हडळ गेली एकदाची, आणि पस्तीस मिनिटांत संपवू. लांबी कमी होईल, पण जे राहील ते खणखणीत राहील. सुलूला वाईट वाटेल. तिला तुम्ही समजवा, किंवा मी लिहितो.

राजाभाऊ


अबुधाबी
६ डिसेंबर १९९७

दादा,

तुझं पत्र यांनी लपवलं होतं. शर्टाच्या खिशात ठेवून शर्ट धुवायला टाकला, यांचं लपवणं असंच असतं. मी वाचलं.

आधी जे सांगायचं ते सांगते. मला आतड्याचा कॅन्सर आहे. मे महिन्यात कळलं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. टोप दीडशे दिरहॅमचा आहे, म्हणजे पंधराशे रुपये, आणि इतका वाईट आहे की हडळीशिवाय कुणाला शोभला नसता. डॉक्टर चांगले आहेत, खोटं बोलत नाहीत. मार्चपर्यंत म्हणतात, पुढे ते हात वर करतात. तुला सांगू नका अशी शपथ मीच यांना घातली होती. तू लगेच शूटिंग बंद करायला लावून मला उचलून कोल्हापूरला नेलं असतंस. मला शुक्रवार हवे होते. बाकीचे सहा दिवस मी आजारी असायची, शुक्रवारी हडळ असायची.

आता भांडणाचं. आठवतं तुला, चौऱ्याहत्तर साली तुझ्या स्टुडिओतल्या त्या सिनेमात मला एक वाक्य मिळालं होतं? पोस्टाच्या खिडकीशी उभी राहून म्हणायचं होतं, “ह्याला मागे डिंकच नाही हो.” सात सेकंद. मी गल्लीतल्या नऊ मैत्रिणींना घेऊन मॅटिनीला गेले. पोस्ट आलं, खिडकी आली, आणि एकदम पुढचा सीन. नऊजणी माझ्याकडे बघत होत्या. मी शेंगदाण्याची पुडी उघडली आणि खात राहिले. रात्री तू घरी आलास आणि म्हणालास, लांबी जास्त होत होती.  मी पुढे बावीस-तेवीस वर्षं काही बोलले नाही, पण विसरलेही नाही.

ह्या वेळी मला कापू नकोस. वाळलेली, टोपातली, जशी असेन तशी सगळी ठेव. लोक हसले नाहीत तरी चालेल. मला हा सिनेमा पुरा बघायचा आहे, आणि मार्चच्या आत बघायचा आहे.

इकडे यायच्या भानगडीत पडू नकोस. तुझा पासपोर्ट नाही, तो होईतो उन्हाळा येईल. तू आलास तर टेबलावर कोण बसणार?

तुझी,
सुलू


कोल्हापूर
२१ डिसेंबर १९९७

चि. सुलूस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी लग्नवाल्यांना कॅसेट्स परत केल्या. दोघे चिडले. चिडू देत.

पासपोर्टचा अर्ज भरला आहे, तू नको म्हणालीस तरी. पोलीस चौकशीला घरी येतील तेव्हा येतील. रोज सकाळी उठलो की वाटतं स्टँडवर जावं आणि मुंबईची गाडी धरावी. मग टेबलावर जाऊन बसतो.

ते सात सेकंद मी निर्मात्याच्या सांगण्यावरून कापले. नाही म्हणायची माझी टाप नव्हती, नवीन होतो. पण लांबीचं कारण खोटं होतं. त्याला त्या जागी त्याच्या भाचीचा शॉट हवा होता. तुला खरं सांगायला हवं होतं. तो तुकडा मी फेकला नाही. डब्यात ठेवला होता, कधीतरी तुला द्यावा म्हणून. एका पुरात स्टुडिओत पाणी शिरलं त्यात तो गेला. तेही सांगितलं नाही. फार चुकलं माझं.

आता ऐक. ह्या सिनेमातली तुझी एकही फ्रेम मी कापणार नाही. शब्द देतो. पण मला तुझा आवाज लागेल. सोबतच्या कागदावर सात वाक्यं लिहिली आहेत. साध्या टेपरेकॉर्डरवर म्हण आणि पाठव. कशासाठी ते विचारू नकोस. दमलीस तर मध्ये थांब, मी तुकडे जोडीन. माझं कामच ते आहे.

तुझा,
दादा


अबुधाबी
१२ जानेवारी १९९८

प्रिय राजाभाऊ,

कॅसेट पाठवतो आहे. रमजान आहे, ऑफिस दोनला सुटतं, त्यामुळे दुपारी घरी येऊन रेकॉर्डिंग केलं. सात वाक्यांना चार दुपारी लागल्या.

वाक्यं वाचून आम्ही दोघे गोंधळलो. “दार बरं होतं, पण मीठ कमी.” “टाइल्स संपल्या, आता उद्या काय खाऊ?” ही हडळ दारं का खाते आहे? आमच्या स्क्रिप्टमध्ये तसं काही नाही. सुलभा म्हणाली, दादाला विचारू नका, त्याने शब्द दिला आहे. मग उशीला टेकून बसली आणि मला खोलीबाहेर काढलं. दाराआडून ऐकत होतो. आवाज पहिल्यासारखा नाही, पण माज तोच आहे. टाइल्सचं वाक्य तिने पाच वेळा केलं. स्वानंदी म्हणाली, “आई, द फर्स्ट वन वॉज फाइन.” तर म्हणे, तुला काय कळतं.

हडळ कापा म्हणालात म्हणून तुमच्यावर रागावलो होतो, ते मागे घेतो. तुम्हाला खोटं सांगितलं त्याबद्दल तुम्हीही मनात ठेवू नका. डाएट, परीक्षा, फॅशन. एकेक खोटं लिहिताना हात थांबायचा, पण शपथ होती.

ती दिवसाचे बरेच तास झोपते. जागी झाली की विचारते, कॅसेट निघाली का?

भानुदास


कोल्हापूर
१५ फेब्रुवारी १९९८

भानुदासराव,

झालं. ओळखीच्या डॉक्टरांची मुलगी शारजाला सासरी निघाली आहे, तिच्याबरोबर देतो आहे. ह्या वेळी वर ‘मुंज’ लिहिलेलं नाही, सिनेमाचं नाव लिहिलं आहे. सुलूचं काम आहे, खोट्या नावाने पाठवणार नाही.

तुम्ही एकट्याने बघू नका. तिच्याबरोबरच बघा. तासभर आणि चार मिनिटं लांबी आहे.

माझा पासपोर्ट अजून आलेला नाही.

राजाभाऊ


अबुधाबी
९ मार्च १९९८

प्रिय राजाभाऊ,

सगळं सविस्तर लिहितो, कारण फोनवर मला बोलता आलं नाही.

बाहेरून येणारी व्हिडिओ कॅसेट दुबईच्या विमानतळावर ठेवून घेतात, बघतात आणि मग सोडतात. पूर्वी लग्नाच्या कॅसेट्सची आमच्याकडे कधी घाई नसायची, म्हणून हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या मुलीच्या हातात पावती दिली आणि एक आठवड्याने या म्हणाले. इकडे सुलभाला डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. मी आठवड्यात तीन वेळा दुबईला गेलो. तिसऱ्या वेळी खिडकीवरच्या माणसाला सांगितलं की माझ्या बायकोचा सिनेमा आहे आणि तिच्याकडे दिवस नाहीत. त्याने मला बसवलं आणि आतून एका वयस्क साहेबांना बोलावून आणलं. अंगात कंदुरा, म्हणजे इथला पांढरा पायघोळ झगा, आणि हातात माळ. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि हिंदीत म्हणाले, “ये औरत घर क्यों खाती है?”

मी म्हटलं, मी अजून बघितला नाही.

ते म्हणाले, “ज़ुबान नहीं समझा. लेकिन दो बार देखा. दरवाज़ा खाती है, दीवार खाती है, सब खलास.” मग कॅसेट माझ्या हातात देताना म्हणाले, “एक बात बोलो. इसका वीज़ा तो ख़तम हुआ. वापस क्यों नहीं गई?”

 मी ‘शुक्रन’, म्हणजे आभारी आहे, म्हणून निघालो.

संध्याकाळी बघितला. सुलभा पलंगावर, मी उशाशी, मुलं खाली. शेजारच्या शहनाझबाई पण आल्या. सुरुवातीलाच फाटक आणि सुटकेस. मला वाटलं, राजाभाऊंनी चुकून शेवट पुढे लावला. मुलांकडे बघायचा धीर होईना. सुकलेली हडळ फाटकातून सजवलेल्या व्हिलाकडे बघते आणि तिचा नवा आवाज येतो, “फार भूक लागली आहे. घर चांगलं आहे.” शहनाझबाई हसल्या. मला तेव्हाही कळलं नाही.

पुढच्या सीनमध्ये पडदे नाहीत. मग दारं गेली. मग टाइल्स गेल्या आणि ती ओठ पुसत म्हणाली, उद्या काय खाऊ. विजयकुमारला मिशी फुटली. घर भिंतीभिंतीने कमी होत गेलं आणि ही भरत गेली. बांगड्या कोपरावरून खाली आल्या, मनगटाला घट्ट बसल्या. टोप गेला, तिचे स्वतःचे केस आले. तुम्ही सगळा सिनेमा उलटा लावला होतात. आम्ही अडाण्यासारखा ओळीने काढला म्हणून तो तसा लागला.

 सुलभा आपला हात पांघरुणाबाहेर काढून बघत होती, आणि टीव्हीतला बघत होती. मग म्हणाली, “दादाने मला जाडी केली.” आणि हसायला लागली. हसताना दुखत होतं, पोट दाबून धरलं, तरी हसत होती. कुणाल म्हणाला, “आई, यू एट द होल व्हिला.” ती म्हणाली, मग, सोडते का काय.

शेवटी नुसते खांब, वाळूचा ढीग, लोणच्याची बरणी, आणि तंगडी खाता खाता ती हसते आहे. खैरुद्दीनचं कट, कट. मी कापा म्हटलं होतं ते तुम्ही ठेवलंत. ते तिने आम्हाला सहा वेळा मागे घ्यायला लावलं. मग डोळे मिटून पडली. मला वाटलं झोप लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “दादाला लिहा, लांबी बरोबर आहे.”

म्हणून लिहितो आहे.

भानुदास


अबुधाबी
३० ऑगस्ट १९९८

प्रिय राजाभाऊ,

एप्रिलमध्ये तुम्ही फोनवर म्हणालात की पासपोर्ट सुलू गेल्यावर चौथ्या दिवशी आला. त्यानंतर मी लिहिलं नाही. लिहायला बसलो की ऑर्डरी टाइप केल्यासारखं पत्र व्हायचं. फाडून टाकायचो.

परवा शुक्रवारी मंडळाच्या गणपतीत सिनेमा लावला. मी लावू नका म्हणत होतो, पण विजयकुमार आणि खैरुद्दीन ऐकेनात. खैरुद्दीनने कुठून तरी मोठा प्रोजेक्टर आणला. एसी चालू होता. दोनशेच्या वर माणसं आली होती. मी मागे दाराजवळ उभा राहिलो. जमलं नाही तर बाहेर जाता यावं म्हणून.

बाहेर जावं लागलं नाही. दार खाल्लं तिथे पहिला हशा आला, आणि मग थांबलाच नाही. शेवटी ती वाळूवर बसून हसायला लागली तेव्हा सगळा हॉल तिच्याबरोबर हसत होता, आणि मीही हसलो. स्वानंदी माझा हात धरून उभी होती. बहुतेकांना माहीत होतं ती गेली ते. तरी हसले. मला ते फार बरं वाटलं, राजाभाऊ. घरी येऊन मग मी रडलो, मुलं झोपल्यावर.

तुम्ही ऑक्टोबरात या. तुमचा व्हिसा मी काढतो. तुम्हाला तिकडच्या लग्नांतून सुट्टी हवी आहे, आणि मला कुणीतरी बोलायला हवं आहे. तिच्या हिरव्या बांगड्याही तुमच्याजवळ द्यायच्या आहेत.

प्रसाद वाटताना सगळे येऊन एकच विचारत होते, त्या कंदुऱ्यातल्या साहेबांनी विचारलं होतं तेच. सिनेमा झकास आहे, पण हडळीचा व्हिसा संपला होता ना, मग ती परत का गेली नाही? तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. परवा प्रत्येकाला सांगितलं, आमचं बजेट कमी होतं. तिच्या परतीच्या तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून ती इथेच राहिली.

आपला,
भानुदास